फिल्टर नेमकं काय गाळतो?

एक लिटर पाणी आणि त्यात सिगारेटचं एक थोटूक. सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या एली स्लॉटर, रिचर्ड गर्सबर्ग, थॉमस नोव्होटनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा हिशोब जवळजवळ इतकाच साधा निघाला. थोटकं भिजवून काढलेल्या अर्कात त्यांनी दोन जातींचे मासे ठेवले. एक कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा टॉपस्मेल्ट, दुसरा गोड्या पाण्यातला फॅटहेड मिनो. प्रमाण लिटरमागे साधारण एक थोटूक झालं, की चार दिवसांत निम्मे मासे मरत.

निकोटिन हे जुनं कीटकनाशक, त्यामुळे यात नवल ते काय, असं वाटेल. खरी मेख पुढे आहे. संशोधकांनी थोटकातली उरलीसुरली तंबाखू काढून टाकली आणि नुसते फिल्टर भिजवले. टॉपस्मेल्टसाठी मारक प्रमाण आलं लिटरला १.८ फिल्टर. मग ज्यांना काडीही लागली नव्हती असे कोरे फिल्टर भिजवले. मासे तरीही मेले. लिटरला ५.१ फिल्टर लागले, एवढाच फरक!

हा फिल्टर दिसतो कापसासारखा, पण असतो सेल्युलोज अॅसिटेट या प्लॅस्टिकचा. एकेका फिल्टरमध्ये बारा हजारांहून अधिक बारीक धागे असतात. ते ताठ राहावेत म्हणून ट्रायासेटिन आणि पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून टायटॅनियम डायऑक्साइड वापरतात. दिसण्याची एवढी काळजी का, याचं उत्तर १९५०च्या दशकात सापडतं.

धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधाचे पुरावे तेव्हा साठू लागले होते आणि कंपन्या धास्तावल्या होत्या. लोरिलार्ड कंपनीने १९५२ मध्ये केंट ही सिगारेट आणली आणि तिचा ‘मायक्रोनाइट’ फिल्टर आरोग्याचा मोठा रक्षक म्हणून मिरवला. १९५६ पर्यंत त्या फिल्टरमध्ये होतं निळं अॅस्बेस्टॉस! धुरापासून वाचवायला अॅस्बेस्टॉस, म्हणजे आगीतून फुफाट्यात. पण त्याहून चलाख कल्पना आर. जे. रेनॉल्ड्समधले रसायनतज्ज्ञ क्लॉड टीग यांची. धूर गेल्यावर रंग बदलेल असं काही फिल्टरमध्ये घालावं, असं त्यांनी १९५३ मध्ये सुचवलं. त्याने गाळण्याच्या क्षमतेत बहुधा काहीच फरक पडणार नाही, जाहिरात आणि विक्रीला मात्र उघड फायदा होईल, हेही त्यांनीच लिहून ठेवलं. ओढणाऱ्याने तपकिरी डाग पाहावा आणि ‘घाण अडकली’ म्हणून निश्चिंत व्हावं! पुढे फिल्टरला भोकं पाडली गेली, लोक धूर अधिक खोल ओढू लागले आणि त्यातून फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगाला हातभार लागला असावा, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालात म्हटलं आहे.

ओढणाऱ्याच्या छातीची ही गत. पाण्याचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी सुमारे साडेचार लाख कोटी थोटकं उघड्यावर पडतात. पावसात थोटूक डिप चहाच्या पिशवीसारखं वागतं. बर्लिनमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये मोजून दाखवलं, की सुटणाऱ्या निकोटिनपैकी निम्मं पहिल्या २७ मिनिटांतच बाहेर पडतं. त्यांच्या हिशोबात एक थोटूक हजार लिटर पाणी सुरक्षित मर्यादेच्या पलीकडे नेऊ शकतं. आता हे मुंबईला लावून पाहावं. नोव्हेंबर ते मे गटारांच्या कडेला साठलेली थोटकं जूनच्या पहिल्या सरीत एकदमच धुऊन निघतात. त्यानंतर कुणी थोटूक उचललं, तर हाती येतं ते बरंचसं रिकामं प्लॅस्टिक. अर्क तोवर नाल्यातून खाडीकडे गेलेला असतो.

प्रयोगशाळेतलं भांडं म्हणजे समुद्र नव्हे, हे खरं. भर समुद्रात हा अर्क प्रचंड पातळ होतो. पण नाला, डबकं, ओहोटीत खडकांत उरलेलं पाणी यांना ती सवलत नाही. शिवाय माशांच्या आधी मरतात माशांचं अन्न असलेले जीव. कॅथलीन रेजिस्टर यांनी २००० साली दाखवलं होतं, की आठ लिटर पाण्यात एका थोटकाचा अर्कही डॅफ्निया या पाणपिसवांना दोन दिवसांत संपवतो.

‘विघटनशील’ फिल्टरच्या जाहिरातींनी फार हुरळून जाऊ नये. प्लॅस्टिकऐवजी साध्या सेल्युलोजचा फिल्टर वापरला, तरी ओढलेल्या थोटकांचा अर्क गोड्या पाण्यातल्या गोगलगायींसारख्या जिवांना मारक ठरतो, असं २०२० मध्ये दिसून आलं. धागा कुजेल, पण त्यात मुरलेलं विष त्याच्या कितीतरी आधी पाण्यात उतरलेलं असतं. भारतात सिगारेटपेक्षा बिडी ओढणारे जास्त. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी ७.७ टक्के बिडी आणि ४ टक्के सिगारेट ओढत होते. तेंदूपानाच्या बिडीला फिल्टर नसतो, म्हणजे प्लॅस्टिकचा प्रश्न मिटला. तंबाखूतलं निकोटिन मात्र तिच्याही थोटकात उरतंच.

युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात प्लॅस्टिक फिल्टर असलेल्या सिगारेटच्या पाकिटांवर प्लॅस्टिकचा इशारा छापणं आणि थोटकं गोळा करण्याचा खर्च कंपन्यांनी उचलणं बंधनकारक केलं. भारतात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत कान कोरायच्या प्लॅस्टिक काड्या आहेत, फुग्यांच्या काड्या आहेत आणि सिगारेटच्या पाकिटाभोवती गुंडाळलेला पारदर्शक कागदही आहे. पाकिटाच्या आतले फिल्टर नाहीत.