संकेतस्थळाचे साधन निवडताना

एखादी संस्था किंवा एखादा व्यावसायिक स्वतःचे संकेतस्थळ उभारण्याचे मनावर घेतो, तेव्हा त्याची दृष्टी प्रथम खिळते ती सॉफ्टवेअरच्या विक्रेत्यांनी मांडून ठेवलेल्या नमुन्यांवर. आणि ते नमुने इतके नेटके, त्यांतील छायाचित्रे इतकी प्रसन्न असतात, की या सजावटीत आपला मजकूर कसा दिसेल, तो पुढे कोण बदलील आणि उद्या विक्रेत्याशी फारकत घ्यावयाची झाल्यास त्या मजकुराचे काय होईल, हे विचारण्याचे भान सहसा कोणाला राहत नाही. माझ्या मते निवडीचा सारा निकाल या प्रश्नांवरच लागतो.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत १९९० साली जो पहिला ब्राउझर तयार केला, त्यात पाने वाचण्याची आणि लिहिण्याची अशा दोन्ही सोयी होत्या. पुढे लिहिण्याची सोय मागे पडली आणि ती स्वतंत्रपणे पुरविण्याचा एक व्यवसायच उदयास आला. या व्यवसायात दीर्घायुष्य दुर्मीळ. मायक्रोसॉफ्टचे फ्रंटपेज एके काळी घरोघरी होते, ते अस्तंगत झाले. हौशी मंडळींनी जिओसिटीजवर थाटलेली असंख्य पाने याहूने २००९ साली त्या सेवेसकट मोडीत काढली. आणि गूगलने व्यवसायनोंदीसोबत मोफत दिलेली छोटी संकेतस्थळे २०२४ मध्ये अशीच बंद झाली.

म्हणून साधनाची मालकी कोणाची, ही चौकशी प्रथम करावी. विक्स किंवा स्क्वेअरस्पेस यांसारख्या सेवांत पानाचे घटक बोटाने उचलावेत आणि हवे तेथे ठेवावेत इतकी सुलभता आहे, सर्व्हरची आणि सुरक्षेची जबाबदारीही विक्रेत्याच्या शिरावर असते; परंतु विक्सवर रचलेले संकेतस्थळ जसेच्या तसे उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही, आणि स्क्वेअरस्पेसमधूनही मजकुराचा काही अंशच बाहेर काढता येतो. याउलट २००३ साली जन्मलेले वर्डप्रेस हे मुक्त सॉफ्टवेअर असल्यामुळे ते वाटेल त्या सर्व्हरवर बसविण्यास कोणाची मनाई नाही आणि सारा मजकूर बरोबर घेऊन स्थलांतरही करता येते. मात्र या स्वातंत्र्याबरोबर पहारेकऱ्याचे कामही पदरी पडते: वर्डप्रेस आणि त्याची प्लगिने वेळोवेळी अद्ययावत न केल्यास घुसखोरांना दार उघडे मिळते, आणि प्रतिलिपी काढून ठेवली नसेल तर वर्षांची मेहनत एका रात्रीत जाते.

ज्या गावच्या वाचनालयाला वेळापत्रक, वर्गणीचे दर आणि नव्या पुस्तकांची यादी एवढेच प्रसिद्ध करावयाचे आहे आणि ज्याचे ग्रंथपाल सर्व कारभार एकट्याने पाहतात, त्याने हा व्याप कशासाठी मागे लावून घ्यावा? गूगल साइट्स त्याला पुरेशी आहे. हापूसच्या बागायतदाराने शॉपिफायसारख्या दुकानाच्या सेवेकडे वळण्यापूर्वी हंगाम काही आठवड्यांचा आणि भाडे मात्र दरमहाचे, हा हिशेब मांडावा. गिऱ्हाईक ठरलेले असेल तर एक पान आणि व्हॉट्सॲपचा क्रमांक यांवरही व्यवहार निभावतो. ज्या नियतकालिकाला जुन्या अंकांचे दप्तर सांभाळावयाचे आहे, त्याने मात्र वर्डप्रेसचाच मार्ग धरावा आणि देखभालीची तजवीज अंदाजपत्रकात आधीच करून ठेवावी.

साधन कोणतेही घ्या, डोमेन नाव हा संकेतस्थळाचा सातबारा होय. त्यावर संकेतस्थळ बांधून देणाऱ्या कारागिराचे नाव लागू देऊ नये, नोंदणी संस्थेच्या नावे आणि संस्थेच्याच ईमेलवर असावी. या बाबतीत सुशिक्षित मंडळीही आश्चर्यकारक गाफील असतात.

राहिला मराठीचा प्रश्न, आणि तो किरकोळ नव्हे. बहुतेक नमुने रोमन लिपीकडे पाहून आखलेले असल्याने त्यांच्या मथळ्यांतील अक्षरे ऐटीत दूरदूर ठेवलेली असतात. तीच आज्ञा देवनागरीला लागू झाली की शिरोरेखेचे तुकडे पडतात, आणि ओळींतील अंतर अपुरे असल्यास वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकतात. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर तसा फॉन्ट, उदाहरणार्थ मोफत मिळणारा टिरो देवनागरी मराठी, निवडण्याची मुभा साधनात आहे की नाही, हे पाहावे लागते. युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळविलेले जुने दिवाळी अंक आधी रूपांतरित करून घ्यावे लागतात, कारण एरवी पानावर केवळ चिन्हांचा गोंधळ उमटतो. विक्रेते बहुधा चाचणीसाठी काही दिवसांची मोफत मुदत देतात. त्या मुदतीत नमुने न्याहाळत बसण्यापेक्षा आपल्याच वार्षिक अहवालातील एक पान तेथे चढवावे, मथळ्यात ‘कऱ्हाड’ आणि ‘दूर्वांकुर’ असे शब्द घालावेत, आणि ते पान स्वस्तातल्या मोबाइलवर उघडून पाहावे.