झोपलेला स्नायू जागा होतो का?

परवा एक शिक्षक वडिलांची फाईल घेऊन दवाखान्यात आले. वडिलांना दीड वर्षापूर्वी हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेला. आता जिना चढताना दम लागतो, पायांवर सूज असते, छातीत मात्र दुखत नाही. इकोमध्ये हृदयाचे पंपिंग ३० टक्के. निरोगी माणसात ते ५५च्या वर असते. "डॉक्टरसाहेब, स्नायू जिवंत आहे असा रिपोर्ट आलाय. अँजिओप्लास्टी करून टाकू. दोन एकर विकावे लागले तरी चालेल."

रक्त कमी पडले की हृदयाचा स्नायू लगेच मरतोच असे नाही. दुष्काळात शेतकरी खर्च आखडतो, तसा तो काम आखडून तग धरतो. अमेरिकेतील डॉ. शाहबुद्दीन रहिमतुला यांनी १९८०च्या दशकात ही कल्पना ठामपणे मांडली. असा स्नायू थॅलियम स्कॅन, पेट किंवा एमआरआयमध्ये ओळखता येतो. मग वाहिनी मोकळी केली की तो जागा होईल आणि रोग्याचे आयुष्य वाढेल, हे ओघानेच आले. मीही वर्षानुवर्षे रोग्यांना हेच सांगत आलो.

पण हिशेब तसा जुळला नाही. ब्रिटनमध्ये ३५ टक्के किंवा त्याहून कमी पंपिंग असलेल्या आणि जिवंत स्नायू दाखवता आलेल्या ७०० रोग्यांपैकी निम्म्यांना औषधांसोबत अँजिओप्लास्टी दिली, निम्म्यांना नुसती औषधे. २०२२ साली निकाल आला. सुमारे साडेतीन वर्षांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरने दाखल होणे, एका गटात ३७ टक्के, दुसऱ्यात ३८. पंपिंगमध्येही फरक नाही!

बायपासचे मात्र वेगळे. १२१२ रोग्यांच्या 'स्टिच' अभ्यासात दहा वर्षांत बायपासवाले ५९ टक्के दगावले, नुसत्या औषधांवरचे ६६. सुरुवातीला शस्त्रक्रियेचा धोका असतो, फायदा उशिरा दिसतो. आणि तो कोणाला होईल, हे स्नायूच्या तपासणीवरून तिथेही सांगता आले नाही.

वाचकहो, गैरसमज नको. छातीत कळ येऊन घाम फुटला, म्हणजे अ‍ॅटॅक चालू असेल, तर वाहिनी ताबडतोब उघडणे यासारखे दुसरे काही नाही. तिथे एकेक मिनिट स्नायू वाचवते. औषधांनी न थांबणाऱ्या छातीदुखीतही अँजिओप्लास्टीने आराम पडतो.

शिक्षकांना मी आधी गोळ्या दाखवायला सांगितल्या. हार्ट फेल्युअरच्या चार प्रकारच्या औषधांपैकी दोनच चालू होती. एक 'बरे वाटतेय' म्हणून वडिलांनीच सोडलेले, एक कधी सुरूच झाले नव्हते. ती बसवू, बायपासबद्दल हृदयशल्यचिकित्सकांचे मत घेऊ आणि मग जमिनीचे बघू, असे ठरले. मंगळवारी वडिलांनाच घेऊन येतो म्हणाले.