एका वयाची, एका मापाची

महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावून मेढ्यावरून खाली उतरणारी आणि माहुलीच्या संगमावर कृष्णेस मिळणारी वेण्णा नदी सातारकरांना मुख्यत्वे महाबळेश्वरच्या तलावामुळे आणि लिंगमळ्याच्या धबधब्यामुळे परिचित असली, तरी मत्स्यशास्त्राच्या दप्तरी तिची नोंद एका निराळ्याच कारणाने झालेली आहे. पुढे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे संचालकपद भूषविलेल्या ई. जी. सायलस यांनी १९५३ साली या नदीतील एका लहानशा, बोटाच्या लांबीपलीकडे न जाणाऱ्या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याच्या नावात सह्याद्रीचे नाव गुंफले. खवली म्हणून ओळखला जाणारा हा मासा पुढे परदेशी शौकिनांच्या काचपेट्यांपर्यंत पोहोचला, आणि २०२० साली त्याचे वर्गीकरण नव्याने होऊन तो ‘वायखोमिया’ या प्रजातीत समाविष्ट झाला. ज्या मुलुखाने शोभिवंत माशांच्या जगाला असा नमुना पुरविला, त्या सातारा-सांगलीकडील हौशी मंडळी आज गप्पी, मॉली, गुरामी, एंजल, गोल्डफिश यांची पैदास घरच्या घरी करतात, आणि कोणी कोणी तिला जोडधंद्याचे रूप देण्याचीही उमेद बाळगून असतो.

या उद्योगात अंडी मिळविणे हा त्या मानाने सोपा भाग; कस लागतो तो पुढे. एकाच जोडीची, एकाच दिवशी अंड्यांतून बाहेर पडलेली आणि एकाच पाण्यात वाढलेली पिले महिन्याभराने निरखून पाहावीत, तो त्यांतील चारदोन इंचभर लांब झालेली, बहुसंख्य त्यांच्या निम्म्याने, आणि काही तर जन्मदिवसाहून फारशी पुढे न सरकलेली, असे विषम दृश्य नजरेस पडते. ही तफावत केवळ डोळ्यांना खुपणारी नाही. माशाची लांबी दुप्पट होते तेव्हा त्याचे वजन सुमारे आठपट झालेले असते. म्हणजे पाहणाऱ्यास जे दोघे भाऊ थोरला-धाकटा भासतात, त्यांतला धाकटा बळाच्या हिशेबाने थोरल्याच्या पासंगालाही पुरत नाही. शिवाय दुकानदार माल घेतो तो ‘एक इंची’, ‘दीड इंची’ अशा मापावर. संमिश्र मापाच्या मालाला तो सर्वांत लहान माशाचा भाव देऊ करतो, आणि त्याच्या बाजूने पाहिल्यास त्यात गैर काहीच नसते.

सामान्य समजूत अशी, की मोठे झाले ते चांगल्या रक्ताचे आणि मागे पडले ते जात्याच निकस. या समजुतीत तथ्याचा अंश आहे, परंतु तो अल्प आहे. अंड्यांच्या आकारात थोडा फरक असतो, कोणी काही तास आधी बाहेर पडतो, कोणाला पहिला घास लवकर मिळतो. आरंभीची विषमता एवढीच. मात्र माशाची वाढ चक्रवाढीने होते, आणि चक्रवाढीत अल्प फरकही अल्प राहत नाही. समान वजनाची दोन पिले घेतली आणि त्यांतील एक रोज चार टक्क्यांनी, दुसरे रोज तीन टक्क्यांनी वाढले, तर तीस दिवसांअखेर पहिले आपल्या मूळ वजनाच्या सव्वातीनपट भरते आणि दुसरे अडीचपटीच्याही आत राहते. त्यातून जो किंचित मोठा तो अन्नावर प्रथम हक्क सांगतो, म्हणून त्याचा वाढीचा दरही वाढत जातो आणि धाकट्याचा घटतो. विषमता अशी स्वतःच स्वतःला पोसत असते.

या बाबतीत जॉन मॅग्नुसन यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास बोधप्रद आहे. जपानातील भातखाचरांत आढळणाऱ्या मेडाका नावाच्या चिमुकल्या माशांवर त्यांनी प्रयोग केले, तेव्हा असे दिसून आले की अन्न तोकडे असले म्हणजे दांडगे मासे त्यावर मक्तेदारी गाजवितात आणि इतरांपेक्षा झपाट्याने वाढतात. परंतु अन्न मुबलक असले म्हणजे दांडगाईचा हा फायदा उरत नाही. याचा इत्यर्थ, विषमतेची जबाबदारी पिलांच्या कुळशीलापेक्षा पाळणाऱ्याच्या अन्नवाटपावर अधिक पडते. आणि हा निष्कर्ष थोडा बोचरा असला तरी आशादायक आहे, कारण कुळशील बदलणे आपल्या हाती नसते, वाटप मात्र असते.

म्हणून पहिला बंदोबस्त करावयाचा तो वयाचा. निरनिराळ्या दिवशी जन्मलेली पिले एका टाकीत कदापि ठेवू नयेत. गप्पीची मादी साधारणपणे दर महिन्यास पिले देते आणि नराशी एकदा संबंध आल्यावर कित्येक महिने देत राहते. ही सारी पिले एका भांड्यात सोडीत जाणे म्हणजे मागच्या वेताच्या तोंडी पुढचे वेत देणे होय. गुरामी, एंजल यांच्या बाबतीत प्रश्न पहिल्या घासाचा असतो. अंड्यातून निघालेले पिलू काही दिवस पोटाशी असलेल्या पीतकावर गुजराण करते. ते संपून पिलू आडवे पोहू लागले, की काही तासांच्या आत त्याच्या तोंडात मावेल असे जिवंत खाद्य समोर असावेच लागते. गुरामीचे पिलू इतके सूक्ष्म, की त्याला आरंभी पाण्यातील डोळ्यांना न दिसणारे जीवजंतूच लागतात. एंजलचे पिलू मात्र पहिल्या दिवसापासून आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील बारीक जीवाची पिले गिळू शकते. आर्टेमियाची सुकी अंडी, लिटरमागे पंचवीस-तीस ग्रॅम मीठ घातलेल्या आणि सुमारे २८ अंश उष्णतेच्या पाण्यात हवेचा पंप लावून ठेवली असता, चोवीस ते छत्तीस तासांत फुटतात. ही पिले ताजी असतानाच खाऊ घालावीत, कारण अंगचा साठा खर्ची पडला की त्यांतले सत्त्व झपाट्याने कमी होते.

या टप्प्यावर एक परीक्षा प्रत्येकाने स्वतः करून पाहण्याजोगी आहे. खाद्य टाकल्यानंतर अर्ध्या तासाने टाकीच्या मागे दिवा धरावा आणि पुढून भिंगाने पाहावे. ज्यांनी आर्टेमिया खाल्ला त्यांची पारदर्शक पोटे नारिंगी ठिपक्यासारखी फुगलेली दिसतात. ज्यांना मिळाला नाही त्यांची पोटे काचेसारखी रिकामी, आणि बहुधा हीच पिले कडेला, कोपऱ्यात किंवा तळाशी रेंगाळत असतात. शंभरांपैकी दहा-वीस पोटे रिकामी दिसली, तर महिन्यानंतरच्या विषमतेचा पाया त्याच दिवशी घातला गेला, असे खुशाल समजावे. उपाय साधा आहे. दिवसातून दोनदा मूठभर टाकण्यापेक्षा तेवढेच खाद्य पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. ते एका कोपऱ्यात न ओतता चार ठिकाणी विखरून द्यावे, म्हणजे कोणा एका दांडग्याला सर्व जागा राखता येत नाहीत. आणि उरलेले खाद्य तासाभरात नळीने ओढून काढण्याची तजवीज ठेवावी.

कारण अन्नाची मुबलकता पाण्याच्या मुळावर येते. उष्टे खाद्य आणि विष्ठा यांपासून अमोनिया उत्पन्न होतो, आणि पाणी जितके उष्ण व अल्कधर्मी तितका तो अधिक विषारी ठरतो. कृष्णाकाठच्या क्षारपड टापूतील अनेक विहिरींचे पाणी जड असल्यामुळे तेथील पाळणाऱ्यांनी या बाबतीत हयगय करू नये. हेच जड पाणी गप्पी व मॉली यांना मानवते, तर एंजल, गुरामी यांच्या पैदाशीसाठी त्यात पावसाचे साठविलेले पाणी मिसळणे हितावह असते. रोज पाव हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीनमुक्त आणि जुन्याइतक्याच उष्णतेचे असावे. आणि पिलांच्या टाकीत स्पंजचाच फिल्टर असावा, इतर फिल्टर पिलांना ओढून घेतात. साताऱ्याकडे पौष-माघात रात्रीचे पाणी गार पडते व वाढ मंदावते. त्या दिवसांत हीटरने २६ ते २८ अंश राखणे शक्य नसेल, तर पैदासच उन्हाळ्यावर टाकावी.

इतके सारे केले तरी तफावत पडतेच, आणि तेथे प्रतवारीचे काम सुरू होते. तासगावच्या द्राक्षबागाईतदाराला हे निराळे सांगावयास नको. घडातील मणी वेळेवर विरळ केले तरच उरलेले एकसारखे भरतात, आणि ती विरळणी लांबली की पुढे कितीही खत-पाणी घातले तरी घड सुधारत नाही, हे तो जाणून असतो. पिलांची पहिली निवड दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि नंतर दर दहा-पंधरा दिवसांनी करावी. त्या दिवशी सकाळचे खाणे द्यावयाचे नाही. पिले जाळीने उपसू नयेत, पाण्यासकट वाटीने उचलावीत, कारण कोवळे कल्ले आणि अंगावरचा चिकट थर जाळीने दुखावतो. मोठी, मध्यम आणि लहान असे तीन वर्ग पाडून तीन टाक्यांत वाटावीत. संख्या अधिक असेल, तर ठरावीक रुंदीच्या फटी असलेले टोपले पाण्यात धरून लहानांना त्यातून आपोआप बाहेर पडू द्यावे.

या वाटणीनंतर जे घडते ते पाहण्यासारखे असते. दांडगे दृष्टीआड झाले, की मागे पडलेल्यांपैकी बरीचशी पिले भराभर खाऊ लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत मध्यम वर्गाच्या जवळ येऊन पोहोचतात. मात्र ही व्यवस्था कायमची नसते. नव्या टाकीतही नवी उतरंड तयार होते, म्हणून प्रतवारी एकदाच करून स्वस्थ बसण्याची मुभा नाही. जातीजातींचे भेदही ध्यानी घ्यावे लागतात. गप्पीचा नर वयात आला की त्याची वाढ जवळजवळ थांबते व मादी वाढतच राहते. तेव्हा चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या सुमारास नर-मादी वेगळे करणे हीच तेथील प्रतवारी. कोकणातील जिताड्याचे पिलू तर आपल्या लांबीच्या साठ टक्क्यांइतक्या लांब भाऊबंदाला गिळू शकते. तेथे काही दिवसांची दिरंगाईसुद्धा टाकी निम्मी रिकामी करण्यास पुरेशी होते.

खाण्याच्या माशांच्या संगोपनातही हाच न्याय चालतो. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी भारतीय कार्प माशांना पियूष ग्रंथीच्या अर्काची सुई टोचून प्रजननास प्रवृत्त केले, तेव्हापासून रोहू, कटला, मृगळ यांच्या बीजासाठी केवळ नदीच्या पुरावर विसंबून राहण्याची आपत्ती टळली. हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पाच-सहा मिलिमीटरचे मत्स्यजिरे, दोन-तीन आठवड्यांनी इंचभर होणारे मत्स्यबीज आणि दोन-तीन महिन्यांनी हाताच्या बोटाएवढी होणारी बोटुकली, अशा या बीजाच्या वाढीच्या पायऱ्या आहेत, आणि शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा समभागाने हे त्याचे परंपरागत खाद्य. माण, खटाव, जत, आटपाडी या कोरड्या तालुक्यांतील ज्या शेतकऱ्यांनी शेततळी खोदली आहेत, त्यांनी बोटुकली विकत घेताना केवळ नगांची मोजदाद करू नये. एका वाटीत वीस-पंचवीस घेऊन त्या एका मापाच्या आहेत की नाहीत याचीही रुजवात घालावी. विषम बीज सोडले तर तळ्यातही लहानांचा निभाव लागत नाही, आणि काढणीच्या वेळी अर्धा माल कमी वजनाचा निघतो.

निवडीत वाकड्या कण्याची किंवा तळ सोडून वर येऊ न शकणारी पिले निघतात. ती विकू नयेत, आणि दयाबुद्धीने कृष्णेत किंवा वेण्णेत तर मुळीच सोडू नयेत. काचपेटीतून सुटलेला सकर मासा उजनीच्या जलाशयात मच्छिमारांना कसा जाच करतो, याचा दाखला शेजारीच आहे. परकी जात नदीत रुजली म्हणजे खवलीसारख्या देशी माशांच्या घासावर आणि जागेवर ती हक्क सांगू लागते.

राहता राहिला भांडवलाचा प्रश्न. महागडे खाद्य, परदेशी औषधे आणि उंची जोड्या यांवर नवखा मनुष्य प्रथम पैसा ओततो, आणि टाकी मात्र एकच ठेवतो. आमच्या मते क्रम याच्या उलट असावा. साधीच जोडी घ्यावी, परंतु अंडी पडण्यापूर्वी मुरलेल्या पाण्याच्या तीन टाक्या भरून तयार ठेवाव्यात; ज्याच्याजवळ रिकामी टाकी नाही, त्याने पैदाशीच्या भरीस पडू नये.