पुदिन्याची जुडी आणि धंद्याचा हिशेब

बिर्याणी, कबाब किंवा चाटची गाडी चालविणारे आपले बांधव तेल, तांदूळ, मांस यांचा हिशेब पैशापर्यंत ठेवतात; पुदिन्याचा मात्र कोणी ठेवत नाही. खरे पाहता रोज वाया जाणारा माल हाच. सकाळी आणलेली जुडी संध्याकाळी मान टाकते, दुसऱ्या दिवशी काळी पडते. रमजानमध्ये मागणी वाढली की भावही चढतो. आम्ही कापडवाले कटपीससुद्धा फेकत नाही. पुदिन्यात तर जो देठ आपण फेकतो, तेच त्याचे बियाणे होय.

जुडीतील जाड, निरोगी देठ निवडावेत. खालची पाने काढून एक-दोन पेरे बुडतील असे पाण्यात ठेवावेत व पाणी एक दिवसाआड बदलावे. आठ ते पंधरा दिवसांत मुळ्या फुटतात. मग तेलाचा रिकामा डबा आडवा कापून, तळाला भोके पाडून, दोन भाग माती व एक भाग शेणखत भरून लावावेत. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली त्याला मानवते. माती ओलसर असावी. पाणी साचल्यास मुळ्या कुजतात. त्याच डब्यात कोथिंबीर लावू नये, पुदिना पसरून तिला दाबून टाकतो.

दीड-दोन महिन्यांनी पेराच्या वर कापणी करावी. तेथून नवे फुटवे येतात. फुलांचे तुरे दिसताच खुडावेत. पानाखाली नारिंगी ठिपके आले तर ती फांदी काढून टाकावी. खायची पाने असल्याने विषारी औषध फवारू नये.

एका डब्यात घरची चटणी भागते, गाडीची गरज भागत नाही. म्हणून आधी दोन डबे लावावेत, महिनाभरात किती जुड्या कमी घ्याव्या लागल्या ते वहीत लिहावे आणि मगच डबे वाढवावेत.

जास्तीची पाने सावलीत वाळवावीत. त्यासाठी मांजरपाट चांगला. मात्र खळ जाईपर्यंत तो आधी धुवावा. रंगीत कापड घेऊ नये, ओल्या पानांना रंग लागतो. पाने बोटांत चुरली जाऊ लागली की कोरड्या बरणीत भरावीत. थोडी ओल राहिली तरी बुरशी धरते. रायत्यात, कबाबाच्या मसाल्यात ही पूड चालते.

घरातील भगिनींना पूड विकायची असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एक किलो पाने वाळून दीड-दोनशे ग्रॅमच उरतात. तेव्हा भाव ठरविताना ही घट धरावी, नाहीतर मेहनत फुकट जाईल. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार छोट्या विक्रेत्यालाही नोंदणी करावी लागते, ती आधी करून घ्यावी.

उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे तेलासाठी जो मेंथा पिकतो, तो जपानी पुदिना, वेगळी जात. कुंडीतून तेल काढण्याच्या स्वप्नात कोणी पैसा घालू नये. आपला नफा रोजची जुडी वाचविण्यात आहे, आणि त्याला भांडवल म्हणून आजच्या जुडीचे चार देठ पुरतात.