गाडी लिहिते स्वतःची रोजनिशी!

गाडीला पेट्रोल किती लागतं, हे कोण ठरवतं? तुम्ही म्हणाल, त्यात काय, बाबा ठरवतात! पंपावर जातात आणि टाकी भरतात. अहो, ते झालं कोठीत धान्य भरणं. मी विचारतेय ते ताटातल्या घासाबद्दल. इंजिनाच्या प्रत्येक घासाला किती पेट्रोल वाढायचं, ते कोण ठरवतं?

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही, बरं का. वाशीच्या खाडीपुलावर गाडी चढते तेव्हा इंजिनाला जोर लावावा लागतो. सिग्नलला उभी असते तेव्हा त्याला अगदी थोडंसं पुरतं. आणि १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झालं तर ते अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू वाढतो. कमी झालं तर गाडी धक्के खाते, आणि जोरात पळताना इंजिनाचे आतले भाग भलतेच तापू शकतात.

पूर्वी हे वाढप्याचं काम कार्बोरेटर करायचा. तुमच्या आईबाबांना मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आठवत असतील. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचा शेवट झाला. तसल्या गाडीचा मेकॅनिक बॉनेट उघडायचा, स्क्रू पाव फेरा फिरवायचा आणि कान देऊन ऐकायचा. तंबोरा लावावा तसं! फार कसबाचं काम होतं ते. पण कान कितीही तयार असला तरी तो गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीचा आवाज ऐकणार. पुलाच्या चढावर काय होतं, ते त्याला कसं कळावं?

मग १९९९-२००० च्या सुमारास आपल्याकडच्या छोट्या मोटारींत एमपीएफआय इंजिनं आली. मागे काहींच्या पाठीवर ही अक्षरं मोठ्या दिमाखात लिहिलेली असत. यात प्रत्येक सिलिंडरला एकेक इंजेक्टर असतो. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारी चिमुकली तोटी. आता गणित करा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरतंय आणि दर दोन फेऱ्यांना इंजेक्टर एकदा उघडतो. म्हणजे मिनिटाला १५०० वेळा. सेकंदाला २५ वेळा! उभ्या गाडीत तर तो एका वेळी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट, एवढाच वेळ उघडतो.

(नाशिकला सातपूरच्या कारखान्यात डिझेल गाड्यांचे इंजेक्टर बनतात. कंपनी आता बॉश, पण जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात. डिझेलच्या नोझलची भोकं केसाएवढी बारीक असतात, आणि आत दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहून जास्त!)

किती वेळ उघडायचं, हा हुकूम ईसीयू नावाचा छोटा संगणक देतो. हुकूम बरोबर होता की नाही, ते त्याला कसं कळतं? आई आमटी करते तेव्हा काय करते? मीठ घालते, चव बघते, कमी वाटलं तर चिमूटभर आणखी घालते. गाडीत चव बघायचं काम ऑक्सिजन सेन्सर करतो. इंजिनातून बाहेर पडलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, हे तो सांगतो. असा सेन्सर पहिल्यांदा १९७६ साली व्होल्वो कंपनीच्या मोटारीत बसवला गेला. आणि नव्या पुडीतलं मीठ जास्त खारट आहे हे एकदा कळलं, की आई उद्यापासून मुळातच बेतानं घालते ना? ईसीयूही तसंच करतो. रोजच्या दुरुस्तीची सरासरी लक्षात ठेवतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. अधिक १० म्हणजे ठरल्यापेक्षा दहा टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागतंय.

आता येतो रोजनिशीचा भाग. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्याला ओबीडी म्हणतात. तिथे यंत्र जोडलं की ईसीयूकडचे आकडे बाहेर येतात: इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान, आत जाणारी हवा, ऑक्सिजन सेन्सरचं म्हणणं, ट्रिम. गाडी चालू असताना सेकंदाला कित्येक वेळा हे आकडे टिपून ठेवायचे. याचंच नाव डेटालॉगिंग.

या नोंदी मोठ्या गमतीच्या असतात. पुलाचा उतार उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की बहुतेक गाड्यांत इंजेक्टर चक्क बंद होतात. पेट्रोल शून्य! चाकंच इंजिनाला फिरवत नेतात. न्यूट्रल केलं तर मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल खर्चावंच लागतं. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे एखादे काका तुमच्या ओळखीचे असतील, तर त्यांना हे जरूर सांगा. शिवाय ते धोक्याचंही असतं.

आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांचं वाशीत गॅरेज आहे. एकदा मी तिथे गेले होते, तेव्हा एक गाडी आली होती. सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, मिसिंग करायची. मालकांचा आग्रह एकच, "इंजेक्टर काढून धुवा."

मेकॅनिक म्हणाले, "धुऊ की साहेब. पण आधी गाडीला विचारू." त्यांनी लॅपटॉप जोडला, एक चक्कर मारून आले आणि मला म्हणाले, "बाई, हे बघा. उभ्या गाडीत ट्रिम अधिक २०. तीन हजार फेऱ्यांवर अधिक ४. आता सांगा, चोर कुठंय?"

तुम्हीच विचार करा. इंजेक्टर तुंबला असता, तर वेग वाढवल्यावरही आकडा असा खाली आला नसता. मग काय असेल? त्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर वाटेत पुढेच बसवलेला होता, शाळेच्या फाटकावरच्या शिपायासारखा. त्याच्या पुढच्या एखाद्या फटीतून हवा आत शिरली, तर ती त्याच्या हिशेबात येतच नाही. उभ्या गाडीचं इंजिन हवा थोडीच ओढतं, म्हणून फटीतली चोरटी हवा तिथे फार जाणवते. ग्लासभर सरबतात चार चमचे पाणी पडलं तर ते पांचट होतं. पातेलंभर सरबतात तेवढंच पडलं तर कळतसुद्धा नाही.

झालंही तसंच. मागच्या बाजूला एका रबरी पाइपला चीर गेली होती. पाइप बदलला, आणि गाडीची थरथर थांबली. इंजेक्टरला हातही लागला नाही.

आपल्या गाड्यांमधला हुकमांचा तक्ता कंपनीनं पक्का केलेला असतो. शर्यतीच्या गाडीत मात्र तो स्वतःला लिहावा लागतो. आपल्याकडची इंजिनिअरिंगची मुलं फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांसाठी स्वतः छोट्या शर्यती मोटारी बनवतात. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या केटीएम मोटारसायकलचं इंजिन कित्येक संघ वापरतात. तक्त्यात आडवे इंजिनाचे फेरे, उभा ॲक्सिलरेटर, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. गाडी पळवायची, नोंद बघायची. समजा एका चौकटीत १ भाग पेट्रोलला १३ भाग हवा पाहिजे होती आणि नोंद म्हणते १४.३. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. चौकटीतला आकडा ५० असेल तर नवा किती? १४.३ भागिले १३ म्हणजे १.१, ५० गुणिले १.१ म्हणजे ५५. आपलं त्रैराशिकच की! आळस करून एखादी चौकट तशीच सोडली, तर नेमकी तिथेच, भर वेगात पिस्टन वितळायची पाळी येते.

हे शर्यतीचं झालं. रस्त्यावरच्या गाडीचा तक्ता बदलून "पिकअप वाढवून देतो" म्हणणारेही असतात. त्यांच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जास्तीचं पेट्रोल धुराबरोबर जाऊन सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतं. विषारी वायू निवळणारा तोच तर असतो. आणि तो धूर पहिल्यांदा कोणाच्या नाकात जातो? सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या रिक्षातल्या, दप्तर मांडीवर घेतलेल्या मुलांच्या!

आता तुमच्यासाठी एक उद्योग. घरच्या स्कूटरसाठी एक शंभरपानी वही करा. दर वेळी टाकी पूर्ण भरायची आणि तारीख, किलोमीटरचा आकडा, किती लिटर पेट्रोल बसलं ते लिहायचं. मागच्या वेळेपासून झालेल्या किलोमीटरना लिटरनी भागा. टायरमध्ये हवा कधी भरली आणि त्या आठवड्यात पाऊस होता का, तेही लिहा. पावसाळाभर वही चालवा, म्हणजे एकदम घसरलेला आकडा आला तर तो पावसानं आला की टायरनं, ते मागची पानं उलटून शोधता येईल.