पोवळ्याचं पथ्यपाणी

पोवळं म्हणजे मंगळासाठी अंगठीत घालायचा खडा, एवढीच माझी माहिती. त्याची भावंडं काचेच्या टाकीत जगतात, रात्री तोंड उघडून जेवतात आणि माणसासारखी आजारीही पडतात, हे मला साठी उलटल्यावर, न्यू जर्सीला मुलाकडे गेले तेव्हा कळलं.

त्याच्या दिवाणखान्यात दीडशे लिटर खाऱ्या पाण्याची टाकी आहे. मासे मोजून चार. खरा मान वाळूवर बसलेल्या हिरव्यागार प्रवाळाचा. मेंदूसारख्या वळ्या, म्हणून त्याला ब्रेन कोरल म्हणतात. नातवाने नाव ठेवलं होतं लाडू. (आपल्याकडे असा हौसेचा विचारही करू नये. दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या त्याच यादीत आहेत, जिच्यात वाघ आहे.)

जानेवारीत आम्ही दोन दिवस बाहेरगावी गेलो आणि टाकीचा हीटर चालूच राहिला. परत आलो तर पंचवीस अंशांचं पाणी एकतीसवर! नातू बर्फ आणायला धावला. मुलाने त्याला अडवलं. तापलेल्या पाण्यात एकदम गारवा म्हणजे दुसरा घाव. हीटर काढून, दिवे मालवून पाणी दिवसभरात हळूहळू उतरू दिलं. मासे वाचले. लाडू मात्र आकसला आणि चार दिवसांत खडूसारखा पांढरा पडला.

"मेला का गं आजी?" नातवाने विचारलं. मला काय ठाऊक! मुलाने समजावलं ते असं : प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवालं भाडेकरूसारखी राहतात. उजेडावर ती साखर बनवतात आणि बरीचशी घरमालकाला देतात. रंगही बराचसा त्यांचाच. उष्णता वाढली, वर प्रखर उजेड असला, की त्यांच्याकडून साखरेबरोबर घातक द्रव्यं तयार होऊ लागतात आणि मालक त्यांना बाहेर काढतो. मग पारदर्शक मांसातून खालचा चुन्याचा सांगाडा दिसतो. म्हणजे पांढरा लाडू मेलेला नव्हता, उपाशी होता. मांस सांगाड्यावरून सुटू लागलं असतं, तर मात्र कठीण होतं.

यानंतर मुलाचाच धीर सुटला. आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येकजण एकेक औषध सुचवतो ना, तसंच. एक मित्र म्हणाला आयोडीन, दुसरा म्हणाला जीवनसत्त्वं, तिसरा म्हणाला जागा बदल. टेबलावर सहा बाटल्या जमल्या. मी म्हटलं, "अरे, टायफॉइडातून उठलेल्याला आपण काय देतो? पेज. आणि पडू देतो." तो हसला, पण बाटल्या कपाटात गेल्या.

पथ्य ठरलं. दिवे एक तृतीयांशावर. प्रवाह मंद, कारण जोराच्या धारेने सुजलेलं मांस फाटतं. जागा तीच, मऊ वाळूवरची. खडकाच्या कडा त्याला कापतात. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, तेही तितकंच खारट आणि तितकंच कोमट करून. रोज आटलेलं पाणी भरायचं काम माझ्याकडे आलं. मी मीठ घालायला निघाले, तर मुलगा ओरडलाच! वाफ होते ती पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या, गाळलेल्या पाण्याची.

आणि जेवण. दिवे गेले की वळ्यांच्या कडेने बारीक पारदर्शक बोटं बाहेर येतात. पंप थांबवून, लांब नळीने वितळवलेल्या कोळंबीचे बारीक कण त्यांच्यावर सोडायचे. आठवड्यातून दोनदा, चिमूटभरच. उरलं की पाणी नासतं. पहिले दहा दिवस बोटंच बाहेर आली नाहीत. नातू रोज रात्री टॉर्चला लाल कागद लावून बघे आणि गुपचूप झोपायला जाई. अकराव्या रात्री तो ओरडत आला. एक कण बोटांनी धरून आत ओढला गेला होता. आम्ही तिघं टाकीपुढे जमिनीवर बसून ते गिळणं बघत राहिलो. अर्धा तास तरी लागला असेल.

रंगाला वेळ लागला. सातव्या आठवड्यात एका कडेला चहाच्या डागासारखी छटा दिसली. दिवे तेव्हापासून दर आठवड्याला थोडे वाढवले.

२०२४ साली शास्त्रज्ञांनी जगभरच्या प्रवाळांच्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा केली. पहिलं १९९८चं. समुद्राचा हीटर कुणी काढायचा, असं नातवाने विचारलं, तेव्हा मुलगा आणि मी दोघंही गप्प बसलो.

मी परत निघाले तेव्हा लाडू तीन बाजूंनी हिरवट झाला होता. चौथी बाजू अजून पांढरीच. परवा फोनवर विचारलं, तर नातू म्हणाला, "आजी, तिकडची बोटं पण आता जेवतात."