‘जालन्यात आहे काय?’ एकदा मोंढ्यापर्यंत चालून बघा!

पुण्यात होस्टेलवर कुणी विचारलं, ‘कुठला रे तू?’, की आपलं उत्तर ठरलेलं असतं: ‘संभाजीनगरच्या पुढे, तासाभरावर.’ स्वतःच्या गावाचा पत्ता दुसऱ्या शहराच्या आधाराने सांगायची आपल्याला सवयच लागलीय. त्यात ‘जालन्यात आहे काय?’ हा तर कट्ट्यावरचा फेमस डायलॉग. हाच प्रश्न घरी आजोबांना विचारून बघा. ते हसतील आणि म्हणतील, ‘जालना, सोने का पालना!’

या म्हणीतलं सोनं म्हणजे बाजार. जालना हे मुळात बाजाराचं गाव. नावाबद्दलही असंच सांगतात की, इथल्या एका श्रीमंत जुलाह्यावरून, म्हणजे विणकरावरून, ते पडलं. दंतकथा खरी असो-नसो, गावाने आपली ओळख एखाद्या राजाकडून न घेता धंदा करणाऱ्याकडून घेतली, हे भारीच आहे ना?

चला तर मग, एक सकाळ काढा आणि जुन्या जालन्यातल्या मस्तगडापासून सुरुवात करा. निजाम-उल-मुल्क असफजाहच्या हुकमावरून काबिल खानाने 1725 मध्ये ही गढी बांधली. पण गाव त्याच्याही आधीपासून गब्बर होतं. अकबराचा इतिहासकार अबुल फजल इथे काही काळ राहून गेला. 1679 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मोगलांची ही श्रीमंत पेठ लुटली. 1803 मध्ये इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतलं आणि त्याच महिन्यात आपल्याच जिल्ह्यातल्या असईला मराठे आणि वेलस्ली यांची मोठी लढाई झाली. फौजेला दाणागोटा लागतो, पैसा लागतो. तो मिळायचा अशा पेठांमध्ये. त्यामुळे जालन्यावर प्रत्येकाचा डोळा.

आता कुंडलिकेच्या पुलावर या. नदीच्या एका काठाला जुनं जालना, दुसऱ्या काठाला कादराबाद, म्हणजे आपलं नवं जालना. व्यापार वाढला तो या दुसऱ्या काठाला. 1827 मध्ये इथे छावणी आली. पुढे 1900 च्या आसपास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली आणि कापसाच्या गाठी लांब जाऊ लागल्या. बाजारात मराठी, मारवाडी आणि दख्खनी हिंदी एकाच वाक्यात ऐकू येते, तीही या सगळ्या येण्या-जाण्यातूनच. अशी मिक्स भाषा कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत!

मोंढ्यात पोचलात की खरी गंमत कळते. या गावाने एकाच मालावर कधी भिस्त ठेवली नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली आणि 1964 मध्ये इथे ‘महिको’ उभी केली. 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज जालना म्हटलं की देशभरातल्या शेतकऱ्याला आधी बियाणं आठवतं. संकरित बियाणं तयार करणं म्हणजे नुसतं मशीनचं काम नाही. फुलातले पुंकेसर चिमट्याने हलक्या हाताने काढायचे, दुसऱ्या झाडाचे परागकण लावायचे, आणि हे शेकडो फुलांवर, रोज सकाळी. हे काम करणाऱ्या कितीतरी बाया आपल्याच आसपासच्या गावांतल्या असतात.

एमआयडीसीत भंगार वितळवून सळई बनते. मोसंबीला तर जालन्याच्या नावाने भौगोलिक मानांकन आहे. 2018 मध्ये बाजार समितीत राज्यातली पहिली रेशीम कोष बाजारपेठ सुरू झाली. पांढऱ्याशुभ्र कोषांचे ढीग अजून पाहिले नसतील, तर एकदा जाऊन याच. रील नंतर काढा, आधी तिथल्या शेतकऱ्याला विचारा, तुतीला पाणी किती लागतं?

कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. जमशेद खानाने काही शतकांपूर्वी मोती तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळांतून पाणी गावात आणलं. निजामाच्या काळात घाणेवाडीचा तलाव झाला. तिथून पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने नव्या जालन्यात येतं. म्हणजे बाजार वाढवायचा तर आधी पाणी बघायचं, हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं. आपण मात्र ते विसरलो. 2012 च्या दुष्काळात घाणेवाडी कोरडी पडली, शहर टँकरवर आलं. जायकवाडीची पाइपलाइन आली, तरी नळाला पाणी कधी येणार हा प्रश्न घरोघरी आहेच. आणि ज्या कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर हे गाव वाढलं, तिच्या पुलावरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो.

2023 मध्ये आपली महानगरपालिका झाली. त्याच वर्षअखेरीस मुंबईची ‘वंदे भारत’ आली. समृद्धी महामार्ग आहे, आयसीटीचा कॅम्पस आहे. बाहेर जायचे रस्ते झालेत, तसे इथे यायचेही झालेत. शिकायला पुण्याला जरूर जा. पण परत येऊन धंदा करायचा, लॅब काढायची, स्टार्टअप करायचं म्हटलं, तर नळाला पाणी पाहिजेच.

दुष्काळात इथल्या लोकांनी वर्गणी काढून, जेसीबी लावून घाणेवाडीचा गाळ उपसला होता आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या रानात नेऊन टाकला होता. तलावही खोल झाला, रानही सुधारलं. म्हणजे जमतं. यंदा कॉलेजात एनएसएसचं शिबिर कुठे घ्यायचं, ही चर्चा निघाली की घाणेवाडीचं नाव तुम्हीच सुचवा. सर ‘बघू’ म्हणतील. तुम्ही सह्यांचा कागद तयार ठेवा.